पंचनामा नावाचा माझा प्रोग्राम

मला रांगोळी येत नाही, पुरणपोळी येत नाही, आणि माणसांशी गोड बोलणं तर मुळीच येत नाही. मला प्रोग्राम लिहिता येतात. तेही काही मोठे नव्हेत. विंडोजवर डबल क्लिक केलं की उघडणारे, एकच काम करणारे आणि काम झालं की बंद होणारे. पनवेलच्या ज्या कॉलेजात मी वीसेक वर्षं प्रोग्रामिंग शिकवते आहे, तिथल्या लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर माझे असे सात-आठ प्रोग्राम बसलेले आहेत.

त्यांची नावं मी घरातली ठेवते. शेकडो फाइलींची नावं एका फटक्यात बदलणारा तो 'बारसं'. कचरा फाइली काढणारा 'झाडू'. माझ्या टेबलावरून सगळी मशीनं एकदम बंद करणारा 'झोपा'. कुणी पेनड्राइव्ह खुपसला की माझ्या पडद्यावर त्या मशीनचा नंबर दाखवणारा 'खबऱ्या'. हे सगळं मी रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलं. नवरा म्हणायचा, बाकीच्या बायका लोणची घालतात, तू हे घालतेस. आणि लोणच्यासारखेच मी ते वाटलेही. परीक्षा विभागातल्या क्लार्कबाईंना हजेरी जुळवणारा एक दिला, लायब्ररीला पुस्तकांची लेबलं छापणारा एक. त्या क्लार्कबाई अजून भेटल्या की म्हणतात, मॅडम, तुमच्यामुळे माझे दोन दिवस वाचतात.

पण या प्रोग्रामांत मी जीव ओतून काय लिहिलं असेल, तर काही चुकलं की पडद्यावर जी छोटी चौकट येते तिच्यातला मजकूर. मुलाने फाइलीचं नाव चुकीचं दिलं की चौकट विचारायची, 'वाचता येतं का?' फाइल सापडली नाही की, 'डोळे घरी ठेवून आलास?' प्रोग्रामच्या ज्या भाषेत मी लिहायचे, त्या जुन्या व्हिज्युअल बेसिकमध्ये देवनागरी उमटायची नाही, नुसती प्रश्नचिन्हांची रांग यायची, म्हणून हे सगळं रोमन अक्षरांत लिहिलेलं. चौकटीत बटण एकच, 'ओके'. म्हणजे अपमान मान्य केल्याशिवाय पुढे जाताच यायचं नाही. मुलं मान खाली घालून ओके दाबायची, मी माझ्या टेबलावरून बघायचे, आणि मला बरं वाटायचं. आज उगाच वाईट वाटल्याचं सोंग कशाला करू? तेव्हा खरंच बरं वाटायचं.

'पंचनामा' हा त्यातला माझा सर्वांत लाडका. मुलं दर आठवड्याला एक प्रोग्राम लिहून लॅबच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकत. त्यातले निम्मे शेजाऱ्याचे उचललेले असायचे, व्हेरिएबलची नावं तेवढी बदललेली. पंचनामा सगळ्या फाइली वाचायचा, मोकळ्या ओळी आणि नावं काढून टाकायचा, आणि उरलेला सांगाडा दुसऱ्याच्या सांगाड्याशी ताडून बघायचा. फार जुळलं की दोघांनाही बाहेर काढायचा. मग प्रश्न उरायचा, दोघांत चोर कोण? त्याची तोड मी काढली होती. कुठलीही फाइल शेवटची कधी सेव्ह केली ती तारीख आणि वेळ विंडोज त्या फाइलीवर लिहून ठेवतं. ज्याची वेळ आधीची तो मालक, ज्याची नंतरची तो चोर. मालकाचं नाव हिरव्या ओळीत, चोराचं लाल ओळीत. तारखा मात्र पडद्यावर दाखवायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं, कारण आकडे दिसले की मुलं हुज्जत घालतात.

टर्मच्या शेवटच्या शनिवारी हा पंचनामा मी प्रोजेक्टरवर चालवायचे. माझ्या लॅबचा तो रिवाजच होता. दिवे बंद करायचे, सगळ्यांनी खुर्च्या भिंतीकडे वळवायच्या, आणि मी एंटर दाबायचे. एकेक नाव भिंतीवर उमटायचं, तेही सावकाश. प्रोग्रामला तेवढा वेळ मुळीच लागत नसे. दोन नावांमध्ये दोन सेकंद थांबायचं असं मीच त्यात लिहून ठेवलं होतं. लाल ओळीतल्याने उभं राहायचं, "मी चोर" म्हणायचं आणि फळ्यावर जाऊन तोच प्रोग्राम न बघता लिहून दाखवायचा. अर्थात कुणाला यायचा नाही आणि वर्ग हसायचा. मग घरच्यांना घेऊन यायचं, त्यांच्यासमोर माफीपत्र लिहायचं, तेव्हा कुठे मी जर्नलवर सही करायचे. माझ्या सहीशिवाय प्रॅक्टिकलला बसता येत नाही. मुली रडायच्या, एक मुलगा तर कॉलेजच सोडून गेला. प्राचार्य म्हणाले, मॅडम, शिस्त असावी तर अशी. मी ते घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं.

ज्या मुलीमुळे हे सगळं सांगते आहे, ती करंज्याहून यायची. सकाळी लवकर निघून आधी उरण, मग तिथून पनवेलची बस. आई बंदरावर मासळी सुकवते आणि विकते, एवढं मला तिच्या फॉर्मवरून माहीत होतं. तिच्या कपड्यांना सुक्या मासळीचा वास असायचा. शेजारच्या मुली ओढणी नाकाला लावून बसायच्या, आणि एक दिवस त्यातल्या एकीने माझ्याकडे जागा बदलून मागितली. मी तिला झापायला हवं होतं. त्याऐवजी मी करंज्याच्या मुलीलाच उठवलं, खिडकीजवळच्या आठ नंबरच्या मशीनवर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "इथे वारा येतो." दोघी-तिघी फिसकन हसल्या. ती "बरं मॅडम" म्हणाली आणि कामाला लागली.

हुशार म्हणजे किती असावी! मी फळ्यावर प्रश्न लिहून मागे वळेपर्यंत हिच्या वहीत उत्तर तयार. मला हुशार मुलं आवडतात असं मी स्टाफरूममध्ये नेहमी सांगते. खरं म्हणजे मला माझ्यापेक्षा जराशी कमी हुशार मुलं आवडतात.

एकदा भर तासाला तिने हात वर केला. "मॅडम, एक इचारू? तुमच्या बारसंमदी एक गडबड हाय." ती उभी राहून शांतपणे सांगायला लागली, "दोन फाइलींना एकच नाव पडलं ना, तर दुसरी पयलीवर बसते. पयली पुसूनच जाते. आमी करून बगितलं." मी तिथल्या तिथे करून पाहिलं. तिचं बरोबर होतं. म्हणजे गेली कित्येक वर्षं ज्या मुलांना मी "फाइल दिलीच नाहीस" म्हणून शून्य देत आले होते, त्यातल्या काहींच्या फाइली माझ्याच प्रोग्रामने खाल्ल्या होत्या. ती मुलं पोटतिडकीने सांगत होती, मॅडम, टाकली होती हो फाइल. मी वर्गाला सांगितलं, "ते मला माहीत होतं. कुणाच्या लक्षात येतंय का ते बघत होते." खोटं बोलले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि खाली बसली. ते तिचं बघणं माझ्या डोक्यात गेलं ते गेलंच.

आता एका चिठ्ठीबद्दल सांगायला हवं. उरणच्या बाजूला एक कंटेनर यार्ड आहे. तिथल्या ऑफिसातला अधिकारी माझा जुना विद्यार्थी. दर वर्षी तो आमच्या शेवटच्या वर्षातलं एक मूल कॉम्प्युटरच्या कामाला घ्यायचा, मुलाखत नाही की परीक्षा नाही, फक्त माझी चिठ्ठी. वर्षाला एकच. त्या वर्षी चिठ्ठी कुणाची हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं, आणि मनातून मीही. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, ती चिठ्ठी मला भेटंल ना?"

"चिठ्ठी मागायची नसते," मी म्हटलं. "मिळते."

"मागत नाय मॅडम. आई बोलली, नोकरी लागली तर शिकलीस ते खरं, नायतर परीक्षा झाली का बंदरावर यायचं. मला बंदरावर नाय बसायचं." एवढं बोलून ती थांबली. बहुधा तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. "काम वाईट नाय ते. पन मला हे येतं."

मला हे येतं. बावीस वर्षांची असताना मीही घरी हेच म्हटलं होतं, याच शब्दांत. त्याने माझं मन विरघळायला हवं होतं. उलट मला वाटलं, हिला कशाला एवढ्या लवकर सगळं मिळायला हवं?

तिच्या शेजारी, नऊ नंबरच्या मशीनवर, खारघरचा एक मुलगा बसायचा. टॉवरमध्ये राहणारा, फर्डं इंग्रजी बोलणारा, मला दारात बघितलं की उठून उभा राहणारा. डोक्याने बेताचा. नऊ नंबरचं मशीन जुनं होतं, कुणी बसायला तयार नसायचं. याने प्रवेश उशिरा घेतला म्हणून त्याच्या वाट्याला ते आलं. त्या मशीनचं दुखणं मला माहीत नव्हतं. माहीत होतं ते फक्त लॅबच्या शिपाईकाकांना. मशीनमध्ये बटणाएवढी एक गोल बॅटरी असते. वीज बंद असली तरी घड्याळ चालू ठेवायचं काम तिचं. नऊ नंबरची ती बॅटरी मेली होती. संध्याकाळी वॉचमनने लॅबचा मेन स्विच पाडला की त्या मशीनचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जाऊन पडायचं. काका रोज सकाळी माझ्या आधी येऊन, भिंतीवरच्या घड्याळात बघून, ते हाताने नीट लावायचे. मला कधी बोलले नाहीत. बोलले असते तर मी म्हटलं असतं, फॉर्म भरून द्या.

त्या टर्मच्या शेवटच्या आठवड्यात काका पुतणीच्या लग्नाला गावी गेले. रजेचा अर्ज एक दिवस उशिरा दिला म्हणून मी त्यांना चार पोरांसमोर बोलले होते, तेही आठवतं.

त्या आठवड्याचं काम जरा अवघड होतं आणि चिठ्ठी त्यावरच द्यायची असं मी जाहीर केलं होतं. तिने सोमवारीच प्रोग्राम पुरा करून सामायिक फोल्डरमध्ये टाकला. तो फोल्डर सगळ्यांना उघडता यायचा. तोही माझाच हलगर्जीपणा. खारघरच्या मुलाने गुरुवारी तो उघडला, नऊ नंबरवर आणला, नावं बदलली, सेव्ह केला आणि स्वतःचा म्हणून परत फोल्डरमध्ये टाकला. कित्येक वर्षं मागे पडलेल्या त्या घड्याळाने फाइलीवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख मारली. हे सगळं मला नंतर कळलं. शनिवारी मला एवढंच दिसलं की भिंतीवर त्याचं नाव हिरव्या ओळीत आलं आणि दोन सेकंदांनी तिचं लाल ओळीत.

वर्गात कुणीतरी "आयला" म्हणालं. आणि मला आनंद झाला. आश्चर्य वाटलं ते मागाहून. आधी आला तो आनंद, छातीत ऊब यावी तसा. वाटलं, सापडली. माझ्या चुका काढते काय!

ती उभी राहिली, पण "मी चोर" म्हणेना.

"मॅडम, तारीख दाखवा ना," ती म्हणाली. "कोनी कंदी सेव केलं ती तारीख दाखवा. आमी सोमवारीच टाकलेला."

त्या लॅबमध्ये त्या क्षणी विचारण्यासारखा तो एकच प्रश्न होता आणि तिने तोच विचारला. दोन क्लिकचं काम होतं. फाइलीवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, संपलं. भिंतीवर ती कित्येक वर्षांपूर्वीची तारीख आली असती आणि सगळ्या लॅबला कळलं असतं. माझा हात माउसवरच होता. मी तो उचलला आणि कंबरेवर ठेवला.

"आता माझा प्रोग्राम कसा चालवायचा ते तू मला शिकवणार? यंत्र कुणाची बाजू घेत नाही. जा, फळ्यावर लिही."

ती फळ्याकडे गेली. खडू उचलला आणि लिहायला लागली, एक ओळ, दुसरी ओळ, तिसरी. कुठे थांबली नाही, कुठे पुसलं नाही. फळा भरला तेव्हा बाजूला वाकून बारीक अक्षरात उरलेलं लिहिलं. पूर्ण प्रोग्राम, एक स्वल्पविराम चुकला नव्हता. माझ्या रिवाजात हे आजवर कधी घडलं नव्हतं. वर्ग हसायचा थांबला आणि माझ्याकडे बघायला लागला. खारघरचा मुलगा बुटाची लेस बांधत होता, बराच वेळ.

मी म्हटलं, "वा! चोरलेलं पाठही केलंस."

मग हसले सगळे. तिने खडू जागेवर ठेवला, हात ओढणीला पुसले, आणि "मी चोर" असं इतकं स्पष्ट म्हणाली की मलाच खाली बघावं लागलं. सोमवारी मी खारघरच्या मुलाला चिठ्ठी दिली. त्याने पेढे आणले होते, मी एक खाल्ला.

त्याच आठवड्यात काका गावाहून परतले. लग्नाचे लाडू माझ्या टेबलावर ठेवता ठेवता सहज म्हणाले, "मॅडम, नऊ नंबरचं घड्याळ आठवडाभर कोणी लावलंच नाही वाटतं. आज बघतो तर कुठल्या कुठे."

"लावलं नाही म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. मी ऐकून घेतलं, ते गेल्यावर दार लावलं आणि सामायिक फोल्डर उघडला. त्याच्या फाइलीवरची तारीख बघितली. त्या तारखेला तो मुलगा शाळेत होता, बहुतेक तिसरीत. तिच्या फाइलीवर सोमवार, सकाळचे अकरा.

मी घाबरले, हे खरं. पण त्याच्या मागोमाग राग आला, आणि तो तिचा आला. पुन्हा हिचंच बरोबर निघालं! प्रत्येक वेळी हिचंच कसं बरोबर निघतं? मी चाळीस मुलांसमोर जे बोलले होते ते परत घ्यायचं म्हणजे नुसतं तिला सॉरी म्हणून भागणार नव्हतं. त्या 'पंचनामा'ने मी किती वर्षं किती जणांना उभं केलं होतं, त्यातले किती जण नऊ नंबरच्या शेजारी बसत होते, काका किती वेळा रजेवर होते, हे सगळं उकरावं लागलं असतं. यार्डाला फोन करून सांगावं लागलं असतं की माझी चिठ्ठी चुकली. मुलगा पुढच्या महिन्यात रुजू होणार होता, फोन सहज जमला असता. मी पावणेतीन मिनिटं फोन हातात धरून बसले आणि मग खाली ठेवला.

काकांना काय वास लागला कोण जाणे. दुपारी परत आले आणि दारातच उभे राहून म्हणाले, "मॅडम, ती करंज्याची पोरगी... बोलावून घेऊ का?"

"कशाला?" मी विचारलं.

ते वळून निघून गेले. मी त्याच दिवशी नवी बॅटरी मागवली आणि रविवारी 'पंचनामा'मध्ये चार ओळी वाढवल्या. फाइलीची तारीख टर्म सुरू होण्याच्या आधीची असेल तर ती धरू नये. प्रोग्राम आणखी नेमका झाला. खाली आवृत्ती दोन असं लिहिलं. तो आजही चालतो.

खारघरचा मुलगा यार्डात चार महिने टिकला, मग परदेशी शिकायला गेला. ती मुलगी बंदरावर बसते. काकांनी एकदा, मी विचारलं नसताना, सांगितलं. हे ऐकून मी काय केलं असं कुणी विचारलं, तर मी चहा पुरा केला. पण ती आपल्या आईला घेऊन माफीपत्र लिहायला आली तो दिवस अजून माझ्या मानगुटीवर बसलेला आहे.

बॅटरी बदलून तेव्हा चार दिवस झाले होते. म्हणजे मला सगळं माहीत होतं. प्रॅक्टिकल आठवड्यावर आलेलं. दोघी दुपारी आल्या, आई पुढे आणि ती मागे, जर्नल छातीशी धरून. आई उंच, खणखणीत आवाजाची, बसमध्ये चार जणांना गप्प करील अशी बाई. पण माझ्यासमोर आल्यावर तिने पदर सारखा केला आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, आमची पोर चुकली. आमच्यात कोन चोरी नाय करत हो. कसं झालं आमाला बी कलत नाय. तुमी मनावर घेऊ नका." तिने पिशवीतून कागदाची एक पुडी काढून टेबलावर ठेवली. "सोडे हायत, सुकी कोलंबी. घरचे हायत, चांगले."

"लॅबमध्ये वास राहतो," मी म्हटलं. "घेऊन जा."

तिने पुडी परत पिशवीत ठेवली. तिला अपमान वाटला असेल तर मला दिसला नाही. मुलीला दिसला. मी कोरा कागद मुलीपुढे सरकवला आणि मजकूर सांगितला, जो मी दर वर्षी सांगते. मी दुसऱ्या विद्यार्थ्याने लिहिलेला प्रोग्राम चोरून स्वतःचा म्हणून दिला. याबद्दल मी माफी मागते. पुन्हा असं करणार नाही.

तिने पेन उघडलं, तारीख घातली आणि थांबली. मान वर न करता तिने विचारलं, "मॅडम, तुमी परत तपासलंत ना?"

"तपासलं," मी म्हटलं.

ते खरंच होतं. तपासलंच होतं.

"आनि?"

"आणि काय? लिही."

तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. बारसंच्या वेळी बघितलं होतं तसं नाही. या खेपेला ती नुसती बघत राहिली, जणू माझ्या तोंडावर काहीतरी बारीक अक्षरांत लिहिलं होतं आणि तिला ते पुरतं वाचून घ्यायचं होतं. तिला कळलं असं मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं. आई मागून म्हणाली, "लिव ना गो, मॅडमना कामं असतात." तिने लिहिलं. अक्षर सुंदर होतं. आईने खाली सही केली, एकेक अक्षर दाबून. मी जर्नलवर सही केली. आईने वाकून माझ्या पायाला हात लावला. वयाने माझ्याएवढीच बाई. म्हणाली, "तुमी हायत म्हनून पोरांना वळन लागतं." मी पाय मागे घेतले नाहीत.

त्या गेल्या. खोलीत उकडत होतं म्हणून मी दार उघडं ठेवायला उठले, तर दोघी जिन्यातच थांबलेल्या. त्यांना मी दिसत नव्हते. आई खालच्या पायरीवर उभी होती आणि मुलीची हनुवटी तिच्या हातात होती.

"आता सांग," आई म्हणाली. आवाज आपल्या जागेवर आला होता. "हितं मॅडम नाय, कोन नाय. घेतलंस का तू कुनाचं? नसंल घेतलं तर आत्ता वर जाते मी. बगते ती तो कागद कशी फाडत नाय ती."

मी दाराची कडी धरून उभी होते. तिने "नाय" एवढंच म्हणायचं होतं. ती बाई आली असती वर. काकांना विचारलं असतं, प्राचार्यांना विचारलं असतं, अख्खं कॉलेज गोळा केलं असतं, आणि मी वाचले नसते. ती आली असती तर बरं, असंही माझ्या मनात येऊन गेलं, तेवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते. मुलीने जर्नल उघडलं, माझ्या सहीकडे बघितलं आणि बंद केलं. आठवड्यावर प्रॅक्टिकल होतं. आणि जिचे पाय आईने आत्ताच धरले होते ती कोण आहे, हे ती आईला कसं सांगणार होती?

"हो," ती म्हणाली. "घेतलं मी. चुकलं माझं."

आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला, मग हात तिथेच ठेवला, आणि दोघी जिना उतरून गेल्या. हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. मग आत आले, माफीपत्राला भोकं पाडली आणि ते फाइलीत लावलं.